युनोस रोडस्टर (१९९०): दीड वर्ष चालवल्यानंतर, आणि ड्रेनच्या नळ्यांबद्दल बरंच काही

सिग्नलला ब्रेक दाबला की दाराखालून 'खळळ' असा आवाज येतो का? तुमच्या रोडस्टरमधून (मझदाची दुमडत्या कापडी छपराची छोटी स्पोर्ट्स कार) येत असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी गाडी छपराखाली न्या. तो आवाज पेट्रोलचा नाही. सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्यात, साठलेल्या पावसाच्या पाण्याचा आहे. माझ्या गाडीत तो आला दोन्ही सिलचा गंजलेला भाग कापून, नवा पत्रा जोडून, अडीच लाख येन मोजून झाल्यावर. दोन वर्षं पूर्ण झाली की सविस्तर लिहायचं ठरवलं होतं, पण यंदाच्या त्सुयूत (इथला, म्हणजे जपानचा, जून-जुलैचा पाऊस) जे झालं त्यानंतर थांबवत नाही.

गाडीचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत: १,५९७ सीसी, १२० पीएस (अश्वशक्ती), ९४० किलो, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. माझी १९९० ची, मरिनर ब्लू रंगाची, पाच गिअरची, पॉवर स्टिअरिंग नसलेली. जुनी जपानी स्पोर्ट्स कार घ्यायची हे नक्की होतं, कोणती ते खिशाने ठरवलं. निसानची आर३२ स्कायलाइन जीटी-आर मनात होती, पण अमेरिकेच्या २५ वर्षांच्या नियमामुळे (एवढी जुनी झाली की परदेशी गाडी तिकडे नेता येते) तिकडचे लोक ती कधीपासून उचलून नेतायत आणि भाव आभाळाला भिडलेत. टोयोटाच्या एई८६ चीही तीच कथा. रोडस्टर मात्र मुळातच खूप बनली. पहिल्या पिढीच्याच सव्वाचार लाखांवर गाड्या निघाल्या, त्यामुळे नोकरदार माणसाला ती अजून परवडते.

परवडते म्हणजे घेताना. ठेवताना जपानचं सरकार जुन्या गाडीकडून जास्त पैसे घेतं. तेरा वर्षं उलटली की वार्षिक कर १५ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे या इंजिनला ४५,४०० येन. अठरा वर्षांनंतर वजनाचा करही वाढतो, एक टनाच्या आतल्या गाडीला दोन वर्षांचे २५,२०० येन. एकच गाडी तीस-पस्तीस वर्षं जपून चालवणाऱ्याला दंड आणि दर पाच वर्षांनी नवी घेणाऱ्याला सवलत, हे मला अजिबात पटत नाही. पटो न पटो, दरवर्षी मे महिन्यात पावती येते आणि मी भरतो.

आता चांगलं. गिअर. आधीच्या मालकाच्या हातात असताना गिअरचा दांडा कोमट व्हायचा, बोगद्यात शिरलं की आवाज थेट कानावर यायचा आणि दुसरा गिअर थंडीत कुरकुरत पडायचा. कन्सोल उघडला तर आतलं रबरी बूट फाटून दोन तुकडे झालेलं. या गिअरबॉक्सला दांड्याच्या बुडाशी स्वतंत्र छोटी तेलाची वाटी असते, गिअरबॉक्सचं तेल बदललं तरी तिच्यातलं बदललं जात नाही. माझ्या वाटीत तेल असं नव्हतंच, तळाला काळा चिकटा होता. तो कापडाने पुसून काढला, नवं तेल घातलं, दोन्ही बूट नवीन बसवली. सगळा खर्च एका कुटुंबाच्या हॉटेलातल्या जेवणाइतका. त्यानंतर पहिल्यांदा इझू स्कायलाइन या डोंगरातल्या वळणांच्या रस्त्याला गेलो तेव्हा नुसतं मनगट हलवून गिअर पडत होते. कारण नसताना तिसरा-चौथा, चौथा-तिसरा करत राहावंसं वाटलं. या गाडीवर खर्च केलेल्या पैशांत सगळ्यात जास्त आनंद इथे मिळाला, आणि हे काम मॉडिफिकेशनच्या कुठल्याच यादीत नसतं.

यादीत असतात कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकचे संच. माझ्या गाडीत ते आधीपासून होते, चांगल्यापैकी महागातले. पहिले दोन महिने मला ते फार आवडले. गाडी जमिनीला चिकटून दिसते, वळणावर अंग टाकत नाही. मग टोकियोतल्या तत्सुमीच्या आसपासच्या एक्सप्रेसवेचे सांधे रोज खाली लागायला लागले, तसं मत बदलत गेलं. प्रत्येक सांध्याला डॅशबोर्ड थरथरतो, समोरच्या काचेची चौकट हलते. शाकेनच्या (गाडीच्या सक्तीच्या सरकारी तपासणीच्या) आधी मोजलं तर तळातला एक भाग जमिनीपासून जेमतेम ९ सेंटिमीटर, म्हणजे नियमाची शेवटची रेघ. शेवटी ते काढले आणि मूळ उंचीचे नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवले, शिवाय सगळे सस्पेन्शन बुश (सांध्यांतली रबरं) नवे. बुशचं काम वेळखाऊ निघालं, कारण अलाइनमेंटचे लांब बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झाले होते. दोन कापावे लागले. पण काम झाल्यावरची गाडी ही माझ्या मते मझदाने १९८९ च्या सप्टेंबरात १७ लाख येनला विकायला काढली तीच गाडी आहे: वळणावर थोडी झुकते, झुकताना चाकाखाली काय चाललंय ते सांगते, आणि खड्ड्यात दात वाजत नाहीत.

त्यामुळे माझा ठाम सल्ला: आधी रबर, मग बाकी सगळं. बुश, बूट, होज, सील, आणि या सगळ्यांच्या आधी ड्रेन, म्हणजे छपरावरचं पावसाचं पाणी गाडीखाली सोडणाऱ्या नळ्या.

तर ड्रेन. या गाडीला पत्र्याचं पक्कं छप्पर नाही, म्हणून छपराने द्यायची ताकद दाराखालच्या सिलने द्यायची असते. पुढची आणि मागची चाकं एका रेषेत धरून ठेवणारे दोन मुख्य दांडे म्हणजे हे दोन सिल. तिथे गंज लागला की गाडी नुसती कुरूप होत नाही, ढिली होते. डॅशबोर्डची थरथर वाढते, दार बंद करताना घासतं, तुम्ही कितीही महाग सस्पेन्शन बसवा, ते ज्याला धरून काम करणार ते अंगच हलतंय. आणि सिल गंजतो तो बहुतेक वेळा बाहेरून नाही, आतून. हूडवर (दुमडत्या कापडी छपरावर) पडलेलं पाणी मागच्या पट्टीत, म्हणजे रेन रेलमध्ये जमा होतं, तिथून दोन्ही टोकांना, सीटच्या मागच्या कोपऱ्यांत जातं, तिथल्या भोकातून एका नळीत उतरतं आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे गाडीखाली पडतं. आमच्या चिपळूणच्या घरी मिरगाच्या आधी पन्हळ साफ करणं हे वडिलांचं ठरलेलं काम होतं, नाहीतर पाणी भिंतीत मुरतं. इथे तीच गोष्ट, फक्त भिंतीच्या जागी पत्रा.

मी टोकियोच्या एदोगावा वॉर्डात राहतो. इथे मराठी घरं भरपूर, स्वतःचं गॅरेज असलेली फारच कमी. माझी गाडी भाड्याच्या उघड्या पार्किंगमध्ये केयाकीच्या झाडाखाली उभी असते. केयाकीची पानं बारीक, वाळली की चुरा होतो आणि तो चुरा बरोबर त्या दोन भोकांत जातो.

मागच्या हिवाळ्यात सिलच्या मागच्या टोकाला, चाकाच्या अलीकडे, रंगाखाली फुगवटा दिसला. बोटाने दाबला तर पापुद्रा आत गेला. गॅरेज शोधलं, पत्र्याच्या कामाचं नाव असलेलं. त्यांनी गंजलेला भाग कापून काढला, आतला मजबुतीचा पत्राही बदलला, वेल्डिंग स्वच्छ, रंग असा जुळवला की कुठे जोड आहे ते मला अजून सापडत नाही. कारागिराच्या हाताला माझा मनापासून नमस्कार. पण गाडी देताना मी विचारलं, ड्रेन पाहिले का? पाहिले म्हणाले. समोर भोकात थोडं पाणी ओतून दाखवलं. पाणी खाली गेलं. बघा, मोकळं आहे.

त्सुयू सुरू झाला आणि आठवड्याभरात डाव्या बाजूने खळखळ सुरू.

मी परत गेलो. काउंटरवरच्या माणसाचं म्हणणं, आम्ही सिलचं काम केलं, ड्रेन हा वेगळा विषय आहे, आमच्या हमीत बसत नाही. मी म्हटलं, सिल गंजला कशाने? त्यावर तो म्हणाला, गाडी जुनी आहे. हे उत्तर ऐकून माझं डोकं फिरलं. गाडी जुनी आहे म्हणून तर अडीच लाख दिले! त्या रात्री वडिलांना फोनवर सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "अरे, पाणी आत येतंय ते वेल्डिंगने थांबतं का?" गाडीतलं त्यांना काही कळत नाही, पण प्रश्न बरोबर तोच होता.

सुट्टीच्या दिवशी मी ड्रेनची खरी चाचणी केली. अर्ध्या लिटरची बाटली भरली, भोकात सावकाश ओतली आणि गाडीखाली जिथे पाणी पडायला हवं तिथे ट्रे ठेवला. उजवीकडे ट्रेमध्ये जवळजवळ सगळं पाणी आलं. डावीकडे चार थेंब. पाणी भोकात नाहीसं होणं म्हणजे ड्रेन मोकळा असणं नव्हे. ते खालून बाहेर आलं पाहिजे, तेवढंच आलं पाहिजे. मागची ट्रिम उघडून टॉर्च मारली तर डावी नळी वरच्या तोंडापासून निसटलेली. ओतलेलं सगळं पाणी बॉडीच्या पोकळीत, तिथून नव्या कोऱ्या सिलमध्ये. कधीतरी कोणीतरी सळई घालून ती साफ केली असणार. ही नळी सळईने कधीच साफ करू नये, ती फाटते किंवा जागेवरून सुटते. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी आणा, टोक मेणबत्तीवर गोल करा आणि हळूहळू फिरवत घाला. एवढंच हत्यार लागतं.

या सगळ्याचा व्हिडिओ घेऊन पुन्हा गॅरेजमध्ये गेलो. या वेळी काउंटरवरचा नाही, पत्र्याचं काम केलेला म्हातारा कारागीर बाहेर आला. त्याने व्हिडिओ दोनदा पाहिला, काही न बोलता गाडी जॅकवर घेतली आणि सिलच्या खालच्या कडेची पाणी जायची फट आधी तपासली. ती अंडरकोटने (गाडीच्या तळाला मारायच्या जाड लेपाने) बुजली होती, त्यांच्याच. ती उघडल्यावर आलेलं पाणी मी भांड्यात धरलं असतं तर भाजी शिजली असती. पुढे त्यांनी सिल आतून सुकवून गंजरोधक मेण मारून दिलं, पैसे घेतले नाहीत. नळीचे आणि क्लिपचे मी दिले. माझा राग काउंटरवर आहे, त्या कारागिरावर नाही, आणि पुढचं पत्र्याचं काम निघालं तर मी त्यालाच विचारेन.

हूडबद्दल थोडक्यात. मागची प्लास्टिकची खिडकी दुमडायच्या आधी चेन उघडून सपाट झोपवावी, थंडीत तर नक्कीच, नाहीतर तडा जातो. माझी रेन रेल कडक झाली आहे आणि उजव्या टोकाला बारीक चीर आहे, म्हणून ती सप्टेंबरच्या वादळांआधी बदलणार. काचेची खिडकी असलेला हूड घ्यायचा मोह झाला होता, पण मूळ वळणाचा मिळत असताना वेगळा का घ्यायचा?

आणि मूळ मिळतो, ही या गाडीची फार मोठी गोष्ट आहे. मझदाने २०१७ मध्ये पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी रिस्टोअर सेवा जाहीर केली आणि बंद झालेले भाग पुन्हा काढले: हूड, नार्दीचं लाकडी स्टिअरिंग, अ‍ॅल्युमिनियमची चाकं. ब्रिजस्टोनने मूळ एसएफ-३२५ टायरसुद्धा १८५/६० आर१४ मापात पुन्हा आणला. होंडा एनएसएक्ससाठी अशी सेवा १९९३ पासून देत आली, निसानने आर३२ साठी भाग काढले, टोयोटाने एई८६ साठी. पण १७ लाखांच्या साध्या गाडीसाठी कंपनीने हे करावं, याचं मला फार अप्रूप आहे. पूर्ण रिस्टोअर माझ्या आवाक्यात नाही, पण काउंटरवर चेसिस नंबर सांगून तीस वर्षांपूर्वीच्या गाडीचं रबर नवं कोरं हातात पडतं.

बाकी किरकोळ. साधं रेग्युलर पेट्रोल चालतं, मला सरासरी लिटरला अकरा-बारा किलोमीटर पडतात. एसी ऑगस्टमध्ये पुरत नाही. सकाळी थंड इंजिनची टिकटिक हायड्रॉलिक लॅश अ‍ॅडजस्टरची (व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबाने आपोआप जुळवणाऱ्या भागाची) आहे, तेल वेळच्या वेळी बदललं की कमी होते. इंजिनच्या मागे तेल पाझरत असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट बदलायच्या आधी कॅम अँगल सेन्सरची ओ-रिंग बघा. माझी तीच होती, शंभर-दोनशे येनची.

घेणाऱ्यांनी गाडी बघायला जाताना बरोबर पाण्याची बाटली न्यावी. विकणाऱ्याने ड्रेनमध्ये पाणी ओतू दिलं नाही तर रंग कितीही चमकत असू दे, परत यावं. मागच्या चाकाच्या अलीकडे सिलवर बोट दाबून पाहावं, सीटमागचा गालिचा उचलून वास घ्यावा. इंजिनचा वेळ यावर घालवा: १९८९ ते ९१ च्या शॉर्ट नोज (पुढचं टोक आखूड असलेल्या) क्रँकच्या इंजिनात पुढची पुली फिरताना डगमगते का, हे नीट बघा. त्या क्रँकचा बोल्ट आधी कोणी नीट आवळला नसेल तर क्रँकवरच्या चावीची (पुली जागेवर धरणाऱ्या लोखंडी तुकड्याची) खाच झिजते आणि मग काम मोठं होतं.

माझी पुली सध्या स्थिर आहे. टायमिंग बेल्ट नोव्हेंबरमध्ये बदलायचा आहे आणि तेव्हा तो बोल्ट मी समोर उभा राहून टॉर्क रेंचने आवळून घेणार आहे. कॉइलओव्हर विकायला काढलेत, त्यांचे पैसे त्यालाच लावेन.