बोलोन्या एका दिवसात: चाला, खा, पण किचन बंद व्हायच्या आत टेबल धरा

इटलीत फ्लोरेन्सला मुक्काम असेल तर एक दिवस काढून बोलोन्याला जाऊन याच. फास्ट ट्रेनने पाऊण तासाच्या आत पोचता आणि गर्दी त्या मानाने खूप कमी. इथे तिकिटं काढत फिरण्यापेक्षा नुसतं चालणं आणि खाणं यातच जास्त मजा आहे, हे माझं स्पष्ट मत.

आम्ही उतरलो तेव्हा रिमझिम चालू होती पण छत्री उघडायची वेळच फारशी आली नाही, कारण पोर्टिको. म्हणजे इमारतींच्या खालून जाणारे कमानींचे झाकलेले रस्ते, एकट्या जुन्या शहरातच जवळपास 38 किलोमीटर, 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेत. सान लूका चर्चपर्यंत डोंगर चढत जाणारा पोर्टिको तर 666 कमानींचा आहे, पण एकच दिवस हातात असेल तर तो सोडा, अर्धा दिवस आणि पाय दोन्ही तिथेच जातात.

ते दोन प्रसिद्ध मनोरे खालूनच बघायचे. आसिनेल्ली 97 मीटर उंच, शेजारची गारिसेंदा बुटकी आणि चांगलीच कललेली, तिच्याच काळजीने 2023 च्या ऑक्टोबरमध्ये तो भाग बंद केला, त्यामुळे आसिनेल्लीच्या 498 पायऱ्या चढायचा बेत ठरवून येऊ नका.

खरी पैसा वसूल गोष्ट म्हणजे मुख्य चौकातलं सान पेत्रोनिओ चर्च. बाहेरून अर्धवटच आहे, खाली संगमरवर आणि वर उघड्या विटा, 1390 ला सुरू केलेलं काम दर्शनी बाजूला कधी पूर्णच झालं नाही. आत जमिनीवर खगोलशास्त्रज्ञ कास्सिनीने 1655 मध्ये आखलेली साधारण 67 मीटर लांब रेषा आहे, छतातल्या एका भोकातून सूर्याचा कवडसा बरोबर माध्यान्हीला त्या रेषेवर येतो. उन्हाळी वेळेत हे साधारण एक-सव्वा एकला होतं. आमच्या नशिबाने तोवर ऊन पडलं होतं. लंबगोल पिवळा डाग फरशीवर सरकताना अक्षरशः डोळ्यांना दिसतो, आधी रेषेच्या कडेला टेकला मग हळूहळू मधोमध, आणि सगळे खाली माना घालून मोबाइल धरून उभे. पुढे पोदेस्ता राजवाड्याखालच्या कमानीत एका कोपऱ्यात कुजबुजा, समोरच्या तिरक्या कोपऱ्यात ऐकू येतं, मुलं असतील तर तिथून हलणार नाहीत. आर्किजिनासिओ या विद्यापीठाच्या जुन्या इमारतीतलं लाकडी शरीरशास्त्र थिएटर (इथे शवविच्छेदन करून शिकवत) पण बघा, 1944 च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं होतं, सापडले ते मूळचे तुकडे वापरून परत उभं केलंय. व्हिया पियेल्लाची ती कालवा दिसणारी खिडकी मात्र ओव्हररेटेड, फोटोसाठी रांग आणि बघायला दोन मिनिटं.

आता जेवण. दुपारी अडीचच्या सुमारास बहुतेक किचन बंद होतात आणि मग थेट संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात, त्यामुळे कवडसा बघून झाला की इकडेतिकडे न करता आधी टेबल पकडा. तालियातेल्ले अल रागू घ्या, म्हणजे पट्ट्यांचा पास्ता आणि खिम्याचा सॉस. स्पॅगेटी बोलोनीज मागू नका, इथले लोक रागू रुंद अंड्याच्या पास्त्याबरोबरच खातात, शिजल्यावर पट्टी 8 मिलिमीटर रुंद हवी असं 1972 मध्ये चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवूनच ठेवलंय! आम्ही चौकाजवळच्या फोटोवाल्या मेनूच्या एका ठिकाणी बसलो, पास्ता मऊ पडलेला, रागू कोमट आणि बिल मात्र गरमागरम. वर कोपेर्तो, म्हणजे नुसतं टेबलावर बसायचे माणशी दोन-तीन युरो, पण तो जवळपास सगळीकडेच लागतो त्यामुळे त्याबद्दल वाद घालू नका.

संध्याकाळी क्वाद्रिलातेरो या जुन्या बाजाराच्या गल्ल्यांत सगळा राग गेला. दुकानातून मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं जाड सॉसेज) कागदासारखी पातळ कापून घेतली, चीज आणि ब्रेड घेतला आणि ओस्तेरिया देल सोलेमध्ये जाऊन बसलो. 1465 पासूनची जागा आहे म्हणे, खायला काही मिळत नाही, वाइन त्यांची आणि डबा आपला. लाकडी टेबलं, भयंकर कलकलाट, शेजारचे आजोबा आपल्या पुड्यातलं सलामी सरळ आमच्यापुढे सरकवत होते. सजवलेलं कुठलंही रेस्टॉरंट यापुढे फिकं.

शाकाहारी मंडळींनी नीट विचारून घ्यावं. तोर्तेल्लिनी या छोट्या भरलेल्या पास्त्यात डुकराचं मांस असतं आणि ते मांसाच्या सूपमध्येच येतात, त्यापेक्षा मोठे तोर्तेल्लोनी मागा, रिकोटा भरलेले, लोणी आणि सेजच्या पानांबरोबर, मस्त लागतात. पार्मेजानो चीजमध्ये वासराचं रेनेट (दूध घट्ट करायला वापरलेलं, वासराच्या पोटातलं विरजण) असतं, कडक पाळणाऱ्यांनी तेही लक्षात ठेवा. क्रेशेन्तीने, म्हणजे तळलेल्या पुऱ्यांसारखे ब्रेड, दिसायला साध्या पण पिठात बऱ्याचदा चरबी असते.

परतीची फास्ट ट्रेन असेल तर तिचे प्लॅटफॉर्म खोल जमिनीखाली आहेत, स्टेशनात शिरल्यावर खाली पोचायलाच दहा मिनिटं धरा.


शहराला पाचपैकी साडेचार, चौकातल्या त्या रेस्टॉरंटला दीड, तोही ब्रेड बरा होता म्हणून.