ईस्टाच्या नावाखाली चौपट पैसे: जपानी पासपोर्टवाल्यांनी सावध राहा

घरात, सासरी किंवा ऑफिसात जपानी पासपोर्टवर फिरणारी माणसं असतील, तर हे त्यांच्यापर्यंत जरूर पोचवा. अमेरिकेला जायची ईस्टा नावाची ऑनलाइन पूर्वपरवानगी काढताना फसले आमच्या घरचे जपानी. माझा पासपोर्ट भारतीय आहे, म्हणून मी तेवढी वाचले.

2025 च्या गोल्डन वीकला, म्हणजे जपानमधल्या सलग सुट्ट्यांना, सासू-सासऱ्यांसकट हवाईला जायचं ठरलं होतं. मला रीतसर व्हिसा लागतो, त्यामुळे व्हिसाचा डीएस-160 फॉर्म, 185 डॉलर फी, टोकियोतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत, हे सगळं मी कितीतरी आधीच उरकलं होतं. बाकी चौघांचं, म्हणजे नवरा, मुलगी आणि सासू-सासऱ्यांचं, म्हणणं एकच, "आम्हाला कुठे व्हिसा लागतो?" लागत नाही हे खरं, पण 2009 पासून त्यांना ही ईस्टा काढावी लागते. ती नसेल तर विमान कंपनी बोर्डिंग पासच देत नाही. लहान मुलांनाही ती वेगळी लागते. जगातल्या सगळ्यात वजनदार पासपोर्टांपैकी एक खिशात असला की माणसं अशा बाबतीत फार निर्धास्त होतात, हे माझं जुनं निरीक्षण. आपण भारतीय लोक फॉर्मच्या तळटीपासुद्धा वाचतो, कारण एक कागद कमी पडला तर काय होतं ते आपल्याला माहीत असतं.

नवऱ्याने रात्री जेवणं झाल्यावर सोफ्यावर पडल्यापडल्या मोबाइलवर ईस्टा शोधलं आणि सगळ्यात वर जे दिसलं ते उघडलं. ती जाहिरात होती. साइट मात्र झकास! निळा रंग, गरुड, अमेरिकेचा झेंडा, अस्खलित जपानी मजकूर, वर "आता फक्त काही मिनिटांत". पत्त्यात ईस्टा हा शब्दही होता, फक्त शेवटी सरकारी साइटला असतं ते जीओव्ही नव्हतं. "आमचा अमेरिकन सरकारशी संबंध नाही, आम्ही खासगी सेवा देतो" ही ओळ पार तळाशी, पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात. मोबाइलवर तिथपर्यंत पोचायला अंगठा दुखेपर्यंत सरकवावं लागतं. मी नंतर मुद्दाम करून पाहिलं.

माणशी बारा-तेरा हजार येन घेतले. तेव्हा सरकारी फी होती 21 डॉलर, म्हणजे तीन हजार येनच्या आसपास. त्याला संशय का आला नाही, याला कारण आहे. इथे ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरवर ईस्टाचं काम हाताळणी शुल्क घेऊन करून देतात आणि त्यात काही गैर नाही. समोर माणूस असतो, पावती मिळते, किती पैसे सरकारचे आणि किती त्यांचे ते कळतं. त्यामुळे फीपेक्षा जास्त पैसे जाणं जपानी माणसाला खटकत नाही. त्यात 30 सप्टेंबर 2025 ला सरकारी फीच वाढून 40 डॉलर झाली. "फी वाढलीय म्हणे" एवढ्यावर कुठलाही आकडा खपून जाईल.

कार्डाच्या ॲपवर रक्कम डॉलरमध्ये कापलेली दिसली आणि समोर कुठल्यातरी भलत्याच कंपनीचं नाव, तेव्हा मी विचारलं, "हे काय रे?" मग खऱ्या साइटवर जाऊन आम्ही एकेकाचा अर्ज शोधला. अर्ज क्रमांक नव्हता, कारण त्या लोकांनी तो आम्हाला दिलाच नव्हता. पण पासपोर्टच्या तपशिलावरूनही शोधता येतं. नवरा आणि सासू-सासरे या तिघांचे अर्ज मंजूर झालेले. म्हणजे हे चोर अर्धा धंदा खरा करतात आणि म्हणूनच त्यांना पकडणं कठीण जातं. मुलीचा अर्ज मात्र कुठेच नाही.

तिच्या पासपोर्टवर बापाचं आडनाव आहे आणि कंसात माझं. आईवडील वेगवेगळ्या देशांचे असतील तर जपान असं दुसरं नाव कंसात छापून देतो. पण पासपोर्टच्या तळाच्या, यंत्राने वाचायच्या दोन ओळींत आणि चिपमध्ये ते कंसातलं नाव नसतं. ईस्टा भरायचा तो त्या तळाच्या ओळींप्रमाणे. त्या साइटने दोन्ही आडनावं मुकाट घेतली होती. तिचा अर्ज त्यांनी भरलाच नाही की भलत्याच नावाने भरला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मंजुरीला 72 तासांपर्यंत वेळ लागू शकतो आणि आमच्या हातात त्याहून फार दिवस नव्हते. खऱ्या साइटवर पुन्हा पैसे भरून अर्ज केला, दुसऱ्या दिवशी मंजुरी आली आणि जीव भांड्यात पडला.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, "सेवा पुरवली आहे, परतावा नाही." मग 188 ला फोन लावला. हा जपानचा ग्राहक तक्रारींचा क्रमांक, तो आपल्याला जवळच्या केंद्राशी जोडून देतो. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की घरी येऊन विकणाऱ्याकडून घेतलेली वस्तू ठरावीक दिवसांत परत करायची जी सोय जपानी कायद्यात आहे, ती ऑनलाइन खरेदीला लागू नाही. तळाशी ती ओळ छापलेली असल्यामुळे कंपनी हात वर करते. कार्ड कंपनीकडे वाद नोंदवा, पुरावे जोडा, असं त्या म्हणाल्या. पानांचे स्क्रीनशॉट जोडून आम्ही मुलीच्या अर्जाचे पैसे परत मिळवले. बाकीचे बुडाले.

पैशापेक्षा मला जास्त डाचतं ते वेगळंच. ईस्टाच्या अर्जात पासपोर्ट क्रमांक, घरचा पत्ता, आईवडिलांची नावं, नोकरीचं ठिकाण, सगळं विचारतात. घरातल्या चौघांची ही कुंडली कुठल्या कपाटात पडली आहे, देव जाणे. कार्ड बदललं. पासपोर्ट काय बदलणार!

त्याच वर्षी हिवाळ्यात भावाचं लग्न पुण्यात होतं आणि सासू-सासरे यायचे होते. ओकासाननी, म्हणजे सासूबाईंनी, उत्साहाने भारताचा व्हिसा शोधला, तर पुन्हा तोच प्रकार! वरच्या जाहिराती चकचकीत, ताजमहालाचे फोटो आणि खरी सरकारी साइट खाली, दिसायला गबाळी. खरी म्हणजे इंडियनव्हिसाऑनलाइन डॉट जीओव्ही डॉट इन. ती धर्म विचारते, अंगावरची ओळखीची खूण विचारते, आजी-आजोबा पाकिस्तानचे होते का तेही विचारते. फोटो चौकोनी हवा, पासपोर्टचं पान पीडीएफमध्ये हवं. ओतोसान, म्हणजे सासरे, ओळखीच्या खुणेपाशी अडले आणि स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहत बसले. शेवटी लहानपणी सायकलवरून पडल्याची खूण मनगटावर सापडली. जपानी लोकांना मुंबईसारख्या मोजक्या विमानतळांवर उतरल्यावरही व्हिसा मिळतो, पण वयस्कर माणसांना रात्री त्या रांगेत उभं करायची माझी तयारी नव्हती.

हाच सापळा इतर देशांच्या नावानेही लावलेला असतो. थायलंडचं 1 मे 2025 पासूनचं डिजिटल आगमन कार्ड आणि सिंगापूरचं आगमन कार्ड, दोन्ही फुकट आहेत, तरी त्यांचे पैसे घेणाऱ्या साइट आहेत. कॅनडाची परवानगी अवघ्या 7 कॅनेडियन डॉलरची. ब्रिटनने जपानी लोकांना जानेवारी 2025 पासून परवानगी सक्तीची केली, तर लगेच त्याही नावाच्या साइट निघाल्या. युरोपची एटियास नावाची अशीच परवानगी 2025 मध्ये सुरूसुद्धा झालेली नव्हती, तरी तिच्या नावाची दुकानं मांडलेली होती!

सासूबाईंच्या मैत्रिणींनाही आता मी शोधू देत नाही, खऱ्या साइटचा दुवाच लाइन या चॅट ॲपवर पाठवते. चाकणला, रांजणगावला जपानी पाहुणे येणार असतील तर तुम्हीही आमंत्रणाच्या मेलमध्येच तो टाका, कारण ते स्वतःहून विचारणार नाहीत. आणि कुणी आधीच पैसे भरून बसलं असेल, तर पहिल्यांदा खऱ्या साइटवर अर्ज सापडतो का ते बघा, भांडण नंतर.