पट्टायात जेटस्की भाड्याने घेण्याआधी हे वाचा, विशेषतः बोटीवर काम करणाऱ्यांनी

अडतीस हजार बाट. रुपयांत १,०१,१२२. शिवाय अर्ध्या तासाचं भाडं १,५०० बाट, ते वेगळं. गोव्यात डिचोलीच्या घराचं छप्पर चवथीपूर्वी उतरवून नवं घालायचं म्हणून बाजूला ठेवलेले पैसे मी थायलंडमध्ये पट्टायाच्या किनाऱ्यावर जेटस्की भाड्याने देणाऱ्या एका भामट्याच्या हातात मोजून दिले. लिहायला लाज वाटते. पण गप्प बसलो तर पुढच्या बोटीवरून उतरणारा आपलाच कुणीतरी मुलगा त्याच माणसासमोर जाऊन उभा राहील.

मी क्रूझ जहाजावर डेकवर काम करतो. जहाज लाएम चाबांग बंदराला लागलं होतं. प्रवाशांच्या पत्रकात त्याला बँकॉक म्हणतात, पण बँकॉक तिथून शंभर किलोमीटरहून लांब आणि पट्टाया जेमतेम पंचवीस. एका दिवसाची सुट्टी मिळालेला खलाशी पट्टायालाच जातो. साखळी गावच्या एका सहकाऱ्याला आणि मला एकाच दिवशी सुट्टी मिळाली. असं क्वचित घडतं.

जेटस्की भाड्याने द्यायची आणि परत आणली की जुनेच खरवडे दाखवून भरपाई उकळायची, हा डाव सगळ्यांना ऐकून माहीत आहे. मलाही माहीत होता. म्हणून तर निघण्याआधी मी फोनवर चारही बाजूंचे फोटो काढून घेतले. पण जेटस्कीचं नाक वाळूत आणि मागचा भाग पाण्यात, तळ दिसणार कसा? वर ओढून दाखव म्हणालो, तर भाड्याने देणारा म्हणाला, मशीन नवी आहे, काळजी नको. कळंगुटला, बागाला जेटस्कीवर मागे त्यांचाच माणूस बसतो. नुकसान कुणी केलं हा प्रश्नच तिथे येत नाही. इथे मात्र यंत्र आपल्या हाती देतात आणि स्वतः सावलीत जाऊन बसतात. हा फरक ध्यानात ठेवा.

पण खरी गोष्ट तळाची नाही. पैसे घेण्याआधी त्याने अगदी गोड बोलत विचारलं, कुठल्या जहाजावर? कितीला सुटणार? मी सांगितलं, सहाला, आम्हाला साडेचारपर्यंत चढावं लागतं. पुढचं सगळं या एका उत्तरावर झालं. रात्री बंकवर पडलो की अजून तोच प्रश्न कानात घुमतो. भाड्याने देणाऱ्याला जहाजाच्या वेळेशी काय करायचंय, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. पण बंदरात ज्याला भेटाल तो हेच विचारतो, टॅक्सीवाला विचारतो, चहावाली विचारते. कोण उत्तर देणार नाही? मग त्याने अनामत म्हणून ओळखपत्र मागितलं. आमचे पासपोर्ट जहाजावरच असतात, उतरताना खिशात असतं ते क्रू कार्ड आणि शोअर पास, म्हणजे बंदरात उतरायचा परवाना. दोन्ही त्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये गेलं. ओळखपत्र कुणालाही देऊ नका. रोख अनामत मागा, नाही म्हणाला तर चालू लागा.

आम्ही परत आलो तर ट्रॉली तयारच होती. दोघांनी जेटस्की वर ओढून कलती केली आणि तळावरचे वीतभर लांबीचे तीन खरवडे दाखवले. मी रोज फायबरच्या लाइफबोटी घासतो, रंगवतो. ताज्या खरवड्याची कड पांढरी असते, बोट फिरवलं तर तंतू टोचतात. या खाचांत हिरवं शेवाळ बसलं होतं! मी नख घालून ते काढून दाखवलं. कुणी पाहायला तयार नाही. भोवती सहाजण जमले. मागणी ८५,००० बाट. कशाचे ते कागदावर दाखव म्हटलं, विमा आहे का विचारलं, तर आवाज चढला.

तीन वाजून गेले होते. जहाज चुकलं तर पुढचं बंदर स्वतःच्या खर्चाने गाठायचं, आणि करार राहतो की जातो ते कंपनी ठरवणार. हातात क्रू कार्ड नाही, म्हणजे बंदराच्या फाटकातून आत घेतील की नाही तेही ठाऊक नाही. ‘मी असतो तर एक बाटही दिला नसता’ असं मला इथे येऊन सांगणाऱ्यांनी ही वेळ डोळ्यांसमोर आणावी.

मग खाकीतला एक माणूस आला. मला वाटलं, सुटलो. तो त्यांच्याच खुर्चीत बसला, त्यांच्याच बाटलीतलं पाणी प्यायला आणि म्हणाला, आपसात मिटवा. पन्नास म्हणाला, मग अडतीस. पोलीस असा भाव करतो? माझे फोटो त्याने बघितलेसुद्धा नाहीत. तिथे पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक आहे आणि इंग्रजीत बोलता येतं, हे मला जहाजावर परतल्यावर कळलं. किनाऱ्यावर जो आपणहून चालत येतो त्याच्यावर विसंबू नका, स्वतः फोन लावा.

जवळ ९,००० बाट रोख होते, ते घेतले. उरलेल्या २९,००० साठी त्यांचा माणूस मला स्कूटरवर बसवून एटीएमला घेऊन गेला आणि दारात उभा राहिला. दोनदा पैसे काढावे लागले, दर वेळी तिथल्या बँकेचे २२० बाट. वर आपल्या बँकेचे साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी. खात्यातून एकूण ७८,१७२ रुपये गेले. (परदेशी एटीएम ‘रुपयांत रूपांतर करू का’ विचारतं तेव्हा नाही म्हणा, नाहीतर दर आणखी वाईट लावतात.) क्रू कार्ड हातात आलं, धावत बस पकडली.

सुट्टीवर घरी आल्यावर बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक ऐकवलं. ग्राहकाच्या परवानगीशिवाय पैसे गेले तरच ते लागू होतं, आणि तुम्ही तर पिन स्वतः दाबलात. सहाजणांच्या घोळक्यातून नेऊन दाबायला लावलेला पिन स्वतःचा कसा? लेखी द्या म्हटलं तर मॅनेजर जेवायला गेलेत. पोलीस ठाण्यात सांगितलं, गुन्हा परदेशात, आमची हद्द नाही. शून्य एफआयआरचं, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणाऱ्या तक्रारीचं, नाव काढलं तर हवालदार म्हणाला, ती देशातल्या हद्दींसाठी. बरं, मग निदान अर्ज घेतल्याची पोच तरी द्या! तीही नाही. वर प्रश्न, ‘बोटीवर काम करता ना, तुम्हाला काय कमी?’ बोटीवर काम करणारा माणूस म्हणजे डॉलरची खाण, हा समज ठाण्यातसुद्धा आहे. सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, हे सायबर नाही म्हणाले. ज्या एजन्सीने मला बोटीवर पाठवलं तिने सांगितलं, सुट्टीत काय करता ती तुमची जबाबदारी. साइन ऑनच्या, म्हणजे जहाजावर रुजू होण्याच्या, आधी आग, बुडणं, गर्दी आवरणं, सगळ्याचे कोर्स पैसे भरून करायला लावतात, मग कुठल्या बंदरात कसली लूट चालते हे दहा मिनिटं सांगायला काय जातं? त्या किनाऱ्यावर हे वर्षानुवर्षं चाललंय. यांना ठाऊक नाही असं मी मानत नाही.

जेटस्की घ्यायचीच असेल तर आधी वाळूवर पूर्ण ओढून घ्या आणि तळाचा व्हिडिओ काढा, मालकाचा चेहरा त्यात येऊ द्या. ओढायला नाही म्हणाला की समजून जा. जहाजाची वेळ विचारली तर उद्या सुटतं म्हणा. एटीएमचं कार्ड जहाजावर ठेवून उतरा, जवळ नसलेले पैसे कुणी काढायला लावू शकत नाही. त्यांच्या स्कूटरवर बसू नका.

बँकेला आता ईमेलने तक्रार केली आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. पैसे परत मिळतील अशी आशा नाही. पण पिन तुम्हीच दाबलात, हे उत्तर मला त्यांच्या शिक्क्यासकट कागदावर हवं आहे.