तिकीट खरं होतं, पॉलिसीही खरी होती; पण थोड्या काळापुरतीच

हिवाळी क्रूझला निघण्याआधी विमानाची तिकिटं आणि प्रवास विमा एखाद्या मध्यस्थाकडून एकत्र घ्यायचा विचार असेल, तर हे आधी वाचा. आम्हाला कुणी बनावट कागद दिले नाहीत. तिकीट विमान कंपनीने काढलेलं होतं, पॉलिसी विमा कंपनीने दिलेली होती आणि दोन्हींची खात्री आम्ही स्वतः करून घेतली होती. तरीही प्रवास तोंडावर आला तेव्हा आमच्या नावावर ना तिकीट होतं, ना विमा. हे कसं घडवतात ते समजायला मला बरेच फोन करावे लागले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

क्रूझ आम्ही थेट जहाज कंपनीकडे बुक केली होती आणि ते बुकिंग शेवटपर्यंत शाबूत राहिलं. उत्तरेकडचा समुद्र, ऐन हिवाळा, नॉर्दर्न लाइट्स डोळ्यांनी बघायचे, ही आईची फार वर्षांची इच्छा. निवृत्तीच्या पैशांतून तिने त्यासाठी वेगळी रक्कम काढून ठेवली होती. आई, धाकटा भाऊ आणि मी असे तिघं जाणार होतो. आईला मधुमेह आहे, गुडघे दुखतात, त्यामुळे विम्याशिवाय पाऊल उचलायचं नाही हे तिनेच ठरवलं होतं. २०१९ च्या मार्चमध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात ‘वायकिंग स्काय’ या जहाजाची इंजिनं बंद पडली आणि ४७९ माणसांना हेलिकॉप्टरने उचलून किनाऱ्यावर आणावं लागलं. ती दृश्यं आईने टीव्हीवर पाहिली होती आणि ती विसरली नव्हती.

विमानांचे दर बघताना एका जाहिरातीतल्या फॉर्मवर मी जहाजाचं नाव, तारीख आणि फोन नंबर भरला. थोड्याच वेळात एका माणसाचा फोन आला. बोलणं अदबीचं, माहिती पक्की. आमचं जहाज कुठल्या धक्क्यावरून सुटतं, चेक-इन किती वाजता बंद होतं, विमानतळावरून बंदर किती लांब आहे, सगळं त्याला तोंडपाठ होतं. “काकूंची काळजी सोडा, तुमच्या आई त्या माझ्या आईच,” असं म्हणून तो आईशीही बोलला. दोन्ही विमानं आणि तिघांचा विमा तो एकत्र करून देणार होता. त्याचा दर विमान कंपनीच्या दरापेक्षा थोडाच कमी होता, संशय यावा इतका नाही. फार स्वस्त असेल तेच खोटं, या समजुतीवर कृपा करून विसंबू नका.

तिकिटांचे पैसे त्याने बँक खात्यात मागितले. कार्डाने घेतले तर वरचा खर्च तुमच्यावर पडेल, हे कारण. विम्याचा हप्ता मात्र कार्डाने, लिंकवरून. त्याच संध्याकाळी सगळं हातात आलं. मी विमान कंपनीच्या संकेतस्थळावर सहा अक्षरांचा पीएनआर आणि आडनाव टाकलं. तिघांचीही नावं, दोन्ही विमानं, आसनं दिसली. भावाने विमा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून नंबर काढून फोन केला आणि पॉलिसी क्रमांक सांगितला. नावं, जन्मतारखा, प्रवासाच्या तारखा सगळं बरोबर होतं. पॉलिसी चालू आहे, असं तिथल्या बाईंनी सांगितलं, आणि त्या क्षणी ते खरंच होतं.

आता आत काय घडलं ते ऐका.

पीएनआर म्हणजे फक्त आरक्षण. तिकीट ही वेगळी गोष्ट आहे: त्याला १३ आकडी क्रमांक असतो आणि पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात. आरक्षण तिकिटाशिवायही काही काळ जिवंत राहतं, संकेतस्थळावर दिसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं आपलं काम झालं. आमच्या बाबतीत त्याने एक पायरी पुढची चाल केली. तिकीट खरोखर काढलं, १३ आकडी क्रमांकासह पीडीएफ पाठवली आणि त्याच दिवशी ते व्हॉइड केलं. ज्या दिवशी तिकीट निघतं त्या दिवशी एजंटला ते सहसा एकही पैसा न गमावता रद्द करता येतं. ही सोय चुका दुरुस्त करण्यासाठी आहे. तिकीट गेलं तरी मूळ आरक्षण लगेच पुसलं जातंच असं नाही, म्हणून पुढे काही दिवस मी पाहिलं तेव्हा आसनं जागच्या जागी होती.

विम्याचंही तसंच. बऱ्याच देशांत पॉलिसी घेतल्यावर ती पसंत पडली नाही तर ठरावीक मुदतीत, सहसा १० ते १५ दिवसांत, प्रवास सुरू झालेला नसेल तर, पूर्ण पैसे परत घेऊन ती रद्द करता येते. ग्राहकाच्या भल्यासाठी केलेला हा नियम. त्याने आमच्याकडून हप्ता स्वतःच्या लिंकवर घेतला, विमा कंपनीकडे स्वतःच्या कार्डाने भरला आणि मुदत संपायच्या आत पॉलिसी रद्द केली. परतावा ज्या कार्डाने पैसे भरले त्याच कार्डावर जातो. म्हणजे तिकिटाचे त्याच्याकडे परत गेले, विम्याचे त्याच्याकडे परत गेले आणि आमचे तर आधीच त्याच्याकडे होते.

आणि आम्हाला कळलं कसं नाही? दोन्ही ठिकाणी संपर्कासाठी ईमेल आणि फोन त्याचा दिलेला होता. तिकीट रद्द झाल्याची सूचना, पॉलिसी रद्द झाल्याचं पत्र, सगळं त्याच्याकडे गेलं. संपर्काचा हा एवढासा रकाना आमच्या प्रकरणात सगळ्यात महागात पडला, असं मला आजही वाटतं. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर ‘माझं बुकिंग’ उघडलं की तो बहुतेक वेळा दिसतो आणि बदलताही येतो. तिथे तुमचा स्वतःचा ईमेल आणि फोन नसेल, तर तो लगेच घाला.

अशा माणसांना क्रूझचे प्रवासी का हवे असतात, तेही मला नंतर उमगलं. क्रूझ कित्येक महिने आधी बुक होते. पैसे दिल्यापासून विमानतळावर जाईपर्यंत इतका काळ मधे असतो की चोरी उघडकीस येईतो माणूस नंबर बदलून मोकळा होतो. दुसरं म्हणजे हॉटेलला उशिरा पोहोचलं तरी खोली असते, जहाज मात्र ठरल्या वेळी सुटतं. तारीख पुढे सरकवता येत नाही, शेवटच्या आठवड्यांत क्रूझ रद्द केली तर भरलेल्या रकमेतलं जवळजवळ काहीच परत मिळत नाही. अशा कात्रीत सापडलेला प्रवासी घाबरून दुसऱ्यांदाही पैसे भरेल, हा हिशोब ते धरूनच चालतात.

उघड झालं ते आईच्या व्हीलचेअरमुळे. ती सोय एजंटमार्फत न सांगता मी थेट विमान कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने क्रमांक विचारला, बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “ताई, हे तिकीट काढलं त्याच दिवशी व्हॉइड झालेलं आहे.” आई समोर बसली होती. माझा चेहरा बघून तिने विचारलं, “काय झालं गं?” तिला उत्तर देणं मला या सगळ्यात सर्वांत जड गेलं.

भावाने लगेच विमा कंपनीला विचारलं. पॉलिसी कधीचीच रद्द. मग त्या माणसाला फोन. आधी म्हणाला, सिस्टीममध्ये दिसायला वेळ लागतो. मग म्हणाला, विमान कंपनीने वेळापत्रक बदललं, दरातला फरक भरा, आत्ता पुन्हा काढून देतो. आम्ही विमान कंपनीचं पत्र मागितलं. त्यानंतर फोन लागला नाही.

त्याने दिलेला मार्गच पुरेसा बोलका होता, हे तेव्हा लक्षात आलं. जहाज सुटायच्या दिवशी सकाळी आम्ही उतरणार होतो, मधे दोन विमानांमधला अरुंद वेळ. मी हरकत घेतली तेव्हा तो म्हणाला होता, “जहाज चुकलंच तर पुढच्या बंदरावर चढा, विमा आहेच की.” बोलायला सोपं आहे. पुढचं बंदर बहुधा दुसऱ्या देशात असतं, तिथला व्हिसा लागतो, जहाज कंपनीची परवानगी लागते. काही ठिकाणी तर कायदाच आड येतो: अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्याप्रमाणे परदेशी झेंड्याच्या जहाजाला एका अमेरिकी बंदरात चढलेला प्रवासी दुसऱ्या अमेरिकी बंदरात सहसा कायमचा उतरवता येत नाही, त्यामुळे मधल्या बंदरावर चढू देण्यावर बंधनं येतात. हिवाळ्यात विमान वेळेवर पोहोचेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. १८ डिसेंबर २०१० ला बर्फामुळे लंडनचं हीथ्रो विमानतळ बंद पडलं होतं. डिसेंबर २०२२ च्या शेवटी वादळानंतर अमेरिकेतल्या एकाच विमान कंपनीने १६ हजारांहून जास्त उड्डाणं रद्द केली. बहुतेक जहाजांवर निघण्याच्या तास-दीड तास आधीच चेक-इन बंद होतं. ज्याला तुम्हाला खरोखर जहाजावर पोहोचवायचं आहे, तो हिवाळ्यात किमान एक रात्र आधी बंदराच्या गावी मुक्काम सुचवतो, आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घेतो, म्हणजे पहिलं विमान लांबलं तर पुढे पोहोचवायची जबाबदारी विमान कंपनीवर राहते. ज्याला तुम्हाला कुठेच पोहोचवायचं नाही, त्याला मधल्या वेळेची फिकीर कशाला असेल?

रद्द झालेली ती पॉलिसीसुद्धा आम्ही नंतर नीट वाचली. जिवंत असती तरी आमच्या कामाची नव्हती. क्रूझसाठीचं वेगळं संरक्षण त्यात घेतलेलंच नव्हतं: जहाज चुकणं, आजारपणात केबिनमध्ये अडकून पडणं, समुद्रातून हेलिकॉप्टरने हलवणं, यातलं काहीच नाही. आईचा मधुमेह कुठेच नोंदवलेला नव्हता. आधीपासूनचा आजार लपलेला राहिला की विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि जहाजावरच्या दवाखान्याचं बिल खासगी रुग्णालयासारखं प्रवाशालाच भरावं लागतं.

नवा विमा घेताना उशीर किती महाग पडतो ते कळलं. काही पॉलिसींमध्ये जुन्या आजाराला संरक्षण हवं असेल तर क्रूझची पहिली रक्कम भरल्यापासून १४ ते २१ दिवसांच्या आत विमा घ्यावा लागतो. ती मुदत केव्हाच उलटली होती. शेवटी एका कंपनीने आईची सगळी वैद्यकीय माहिती लिहून घेऊन, बऱ्याच जास्त हप्त्यावर पॉलिसी दिली. तिकिटं थेट विमान कंपनीकडून काढली, एक दिवस आधी पोहोचणारी. आईच्या साठवलेल्या पैशांतला मोठा वाटा दुसऱ्यांदा त्याच प्रवासावर गेला. आम्ही जहाज गाठलं, पण त्या पैशांसाठी आईने किती वर्षं हात आखडता घेतला होता ते मला माहीत आहे, आणि त्या माणसाबद्दलचा माझा राग जराही कमी झालेला नाही.

पैशांचं काय झालं? विम्याची रक्कम कार्डाने गेली होती, म्हणून बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे कार्डावरचा व्यवहार उलटवून पैसे परत घेण्याचा, अर्ज केला आणि ती परत मिळाली. कार्डाच्या व्यवहारावर आक्षेप घ्यायला साधारण १२० दिवस मिळतात, आणि सेवा पुढच्या तारखेची असेल तर ते अनेकदा त्या तारखेपासून मोजले जातात. म्हणून महिने उलटले या समजुतीने गप्प बसू नका. बँक खात्यात पाठवलेले तिकिटांचे पैसे मात्र परत आले नाहीत. पोलिसांत तक्रार आहे, तपास चालू आहे.

तक्रारीनंतर आणखी एक प्रकार सुरू झाला. ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी थोडी फी भरा’ असे फोन येऊ लागले. एकाला आमच्या जहाजाचं नावसुद्धा माहीत होतं. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, त्यामुळे हे फोन येणारच. बँक किंवा पोलीस पैसे परत मिळवून देण्यासाठी आगाऊ फी मागत नाहीत. असा फोन आला की बोलणं तिथेच थांबवा आणि तो नंबर तक्रारीत जोडा.

तुमच्या हातात आत्ता अशीच पीडीएफ असेल तर तिच्यातला १३ आकडी क्रमांक शोधा. विमान कंपनीला फोन करा, नंबर तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या, आणि एवढंच विचारा: या तिकिटाची स्थिती ओपन (वापरता येण्याजोगी) आहे, व्हॉइड (रद्द) आहे की रिफंडेड (पैसे परत दिलेलं)? ‘बुकिंग दिसतंय’ या उत्तरावर फोन ठेवू नका. आज ओपन असेल तर दोन दिवसांनी पुन्हा विचारा. विमा कंपनीला पॉलिसी चालू आहे का हे रद्द करायची मुदत संपल्यावर पुन्हा एकदा विचारा, आणि परतावा कुणाच्या कार्डावर जाणार तेही विचारा. त्या कार्डावर तुमचं नाव नसेल तर पॉलिसी थेट कंपनीकडून नव्याने घ्या. तिकीट व्हॉइड निघालं तर त्या माणसाला फोन करण्याआधी आपल्या बँकेला फोन करा, कारण त्याला सुगावा लागला की खातं रिकामं व्हायला वेळ लागत नाही. मग जहाज कंपनीला कळवा. कित्येक जहाज कंपन्या स्वतःही विमान तिकिटं काढून देतात, आणि ऐनवेळी आसनं मिळवायला तोही एक रस्ता असतो.