ससा पाळलाय? मग इथेच न्या (4 तारे)

चिंगीचं वजन दोन किलोंवरून दीडवर आलं, तरी आधीच्या डॉक्टरांचं आपलं एकच, 'उन्हाळा आहे, होतं असं.' कोथरूडच्या या दवाखान्यात आधी ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. पांढऱ्याफटक! मग कान तपासायच्या नळीनेच तोंडात दाढा पाहिल्या. सशाचे दात जन्मभर वाढतात, दाढेला टोक आलं की जीभ सोलवटते आणि खाणं सुटतं. दाढा ठीक निघाल्या. मागच्या पायाच्या शिरेतून जरासं रक्त घेतलं, पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, 21 टक्के. सशात 30 च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया.

लगेच प्रश्न आला, 'नसबंदी केलीय? लघवी लाल होते?' खाण्यातल्या रंगानेही सशाची लघवी लाल होते म्हणे, म्हणून पट्टी बुडवून पाहिली. रक्तच होतं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. नसबंदी न केलेल्या, वय झालेल्या माद्यांमध्ये हा कॅन्सर बराच आढळतो, हे मला पहिल्यांदाच कोणीतरी नीट बसवून सांगितलं. ऑपरेशनआधी उपाशी ठेवू नका, असंही बजावलं; ससा ओकत नाही आणि रिकामं पोट त्याला सोसत नाही.

चिंगी आता गवताचा फडशा पाडते. बिल चांगलंच लागलं, पण प्रत्येक तपासणी कशासाठी ते आधी सांगून. एक तारा कापलाय तो बाकड्यासाठी: सशाची टोपली आणि भुंकणारा लॅब्राडोर शेजारी शेजारी! फोन करून दुपारची वेळ मागा, देतात.