उद्या बॉर्डर पोल लागला तर: ब्रिटनसोबत राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं?

माझा मावसभाऊ डेरीला, म्हणजे ब्रिटनचा भाग असलेल्या नॉर्दर्न आयर्लंडमध्ये असतो, त्याला ब्रिटिश पासपोर्ट मिळाला आणि तिसऱ्याच दिवशी फोन, "ताई, समजा उद्या खरंच पोल लागला तर शिक्का कुठे मारू?" मी म्हटलं अरे आधी पेढे तरी वाट. पोल म्हणजे बॉर्डर पोल, नॉर्दर्न आयर्लंडने ब्रिटनमध्येच राहायचं की आयर्लंडशी एक व्हायचं यावरचं सार्वमत. (शिक्का नसतो इथे, पेन्सिलीने फुली मारतात, पण आपली सवय.) प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, कारण मी इथेच बेलफास्टला दहा वर्षांच्या वर काढलीत आणि 2016 ला ब्रेक्झिटच्या वेळी मीपण मत दिलेलं, तेव्हा नुसत्या व्हिसावर होते तरी, कॉमनवेल्थवाल्यांना इथे मत देता येतं म्हणून. तेव्हा फुली मारताना आयर्लंडच्या बॉर्डरचं काय होणार हा विचार मी स्वतः दोन मिनिटंही केला नव्हता, आणि नंतर कळलं की लंडनमधल्या बऱ्याच मंत्र्यांनीही केला नव्हता.

तर हे त्याच्यासाठी, आणि त्याच्यासारखे जे अजून कुंपणावर बसलेत त्यांच्यासाठी. झेंडा बघून ज्यांचं आधीच ठरलंय त्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

आधी बॉर्डर म्हणजे काय ते बघा. डेरीतून लेटरकेनीच्या रस्त्याला लागलात की दहा-पंधरा मिनिटांत ब्रिजेंड येतं. चौकी नाही, फाटक नाही. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पिवळी होते, स्पीडचे बोर्ड मैलांऐवजी किलोमीटरचे होतात, पेट्रोल पंपावर भाव युरोत, आणि मोबाइलवर टिंग, वेलकम टू आयर्लंड. झालं, आलात दुसऱ्या देशात. अशी जवळपास 500 किलोमीटरची बॉर्डर आणि ती ओलांडणारे 200 च्या वर रस्ते. इथला हिंसाचार थांबवणाऱ्या 1998 च्या गुड फ्रायडे करारानंतर सैनिकांच्या चौक्या गेल्या आणि लोक विसरून गेले की इथे काही होतं. ब्रेक्झिटने ही युरोपियन युनियनची बाहेरची बॉर्डर झाली आणि नेमकी तीच जखम परत उघडली. नॉर्दर्न आयर्लंडने 55.8 टक्के मतं युरोपियन युनियनमध्ये राहण्याच्या बाजूने दिलेली, पण हिशोब अख्ख्या ब्रिटनचा धरला गेला, 51.9 विरुद्ध 48.1, आणि निघाले सगळे.

त्यातली गंमत म्हणजे डीयूपी, म्हणजे ब्रिटनशी सगळ्यात घट्ट चिकटलेला पक्ष, तो ब्रेक्झिटच्या बाजूने होता. 2017 ला पंतप्रधान थेरेसा मेचं सरकार त्यांच्या 10 खासदारांवर टेकलेलं, तेव्हा त्यांचा काय रुबाब. थेरेसा मेचा ब्रेक्झिट करार संसदेत 432 विरुद्ध 202 ने आपटला, त्यात हेही विरोधात. मग आले बोरिस जॉन्सन, ज्यांनी 2018 ला यांच्याच अधिवेशनात येऊन सांगितलेलं की समुद्रात बॉर्डर, म्हणजे नॉर्दर्न आयर्लंड आणि बाकी ब्रिटनच्या मधे मालाची तपासणी, कुठलंही कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार मान्य करणार नाही, आणि वर्षभरात स्वतःच ती मान्य केली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती तो असा. आता इंग्लंडहून येणाऱ्या मालाला कागदपत्रं आणि सुपरमार्केटमध्ये पाकिटांवर 'नॉट फॉर ईयू'चा शिक्का.

आणि ती बॉर्डर समुद्रात नेणाऱ्या वाटाघाटीत समोर कोण, तर तेव्हाचे आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर, मूळ मालवण तालुक्यातल्या वराडचे! ऑक्टोबर 2019 मध्ये लिव्हरपूलजवळ जॉन्सन आणि ते भेटले, तिथून गाडी पुढे सरकली, आणि डिसेंबरात साहेब वडिलांच्या गावी येऊन सत्कार घेऊन गेले. पद सोडल्यापासून ते एकीकरणाच्या बाजूने उघड बोलतायत. आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर यावरून अभिमानही होतो आणि भांडणंही.

आता तुलना.

ब्रिटनसोबत राहण्यातला सगळ्यात मोठा मुद्दा पैसा. नॉर्दर्न आयर्लंड जेवढा टॅक्स भरतं त्याहून वर्षाला साधारण 10 अब्ज पौंड जास्त इथे खर्च होतात, तो फरक लंडन भरतं. एकीकरण झालं की हे कोण भरणार? 2024 ला फिट्झजेराल्ड आणि मॉर्गनरॉथ या अर्थतज्ज्ञांनी डब्लिनवर, म्हणजे आयर्लंडच्या सरकारवर, वर्षाला 8 ते 20 अब्ज युरोचा बोजा पडेल असं काढलं. डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीचे जॉन डॉयल म्हणतात आकडा फार कमी आहे, कारण त्या 10 अब्जात ब्रिटनचं संरक्षण, जुनं कर्ज, पेन्शन असं बरंच धरलंय जे वाटाघाटीत ठरेल. माझं मत विचाराल तर दोघांच्या मधे कुठेतरी, आणि त्या मधल्या जागेत भाऊची सॅलरी आहे. आयर्लंडमध्ये 2025 ला एकट्या माणसाला 44,000 युरोच्या वर 40 टक्के टॅक्स लागतो, इथे तोच रेट 50,270 पौंडांच्या वर. म्हणजे साध्या आयटीवाल्याच्या खिशाला लगेच जाणवेल. उलट आयर्लंडची सरकारी पेन्शन थोडी जास्त, 2025 ला आठवड्याला 289.30 युरो, इथे 230.25 पौंड होती. पण पेन्शनसाठी फुली मारायला भाऊ अजून 38 चा आहे.

तब्येतीचं. इथे डॉक्टर फुकट, औषधंही फुकट. तिकडे मेडिकल कार्ड (कमी कमाईवाल्यांना मिळतं) नसेल तर जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, एका फेरीला 50-60 युरो सहज जातात, चिठ्ठीशिवाय इमर्जन्सीत गेलात तर 100, आणि जवळपास निम्मे लोक प्रायव्हेट इन्शुरन्स काढून बसलेत. हे ऐकून कुणीही म्हणेल राहू दे बाबा आहे तसंच. पण थांबा, ऑपरेशनसाठी थांबण्याच्या याद्या अख्ख्या ब्रिटनमध्ये सगळ्यात लांब इथल्या. माझ्या ओळखीच्या एक आजी गुडघ्यासाठी एवढ्या थांबल्या की शेवटी पोराने कर्ज काढून प्रायव्हेट केलं. फुकट आहे, पण मिळतंय कधी?

राजकीय स्थैर्य मी पाच वर्षांपूर्वी बिनधास्त ब्रिटनच्या खात्यात टाकलं असतं. आता नाही. 2016 पासून 2024 पर्यंत सहा पंतप्रधान, त्यातल्या लिझ ट्रस 49 दिवस, संसद तहकूब करणं बेकायदा म्हणून सुप्रीम कोर्टाचा निकाल, आणि स्कॉटलंडमध्ये स्वातंत्र्याचा विषय संपता संपत नाही. 2025 ला फराज यांचा रिफॉर्म पक्ष पोल्समध्ये पुढे गेला आणि त्यांना मानवी हक्कांच्या युरोपियन करारातूनच बाहेर पडायचंय, जो गुड फ्रायडे कराराचा एक खांब आहे. इथलं स्टॉरमॉन्ट, म्हणजे नॉर्दर्न आयर्लंडची विधानसभा, तरी काय, डीयूपीने समुद्री बॉर्डरवर रुसून फेब्रुवारी 2022 पासून दोन वर्षं ते बंद पाडलं. उघडलं तेव्हा शिन फेन या एकीकरणवाल्या पक्षाच्या मिशेल ओनील फर्स्ट मिनिस्टर (इथल्या मुख्यमंत्री), पहिल्या नॅशनलिस्ट, म्हणजे एकीकरण हवं असणाऱ्यांपैकी. पण त्यावरून एकीकरण दारात आलं असं समजू नका, सर्व्हेत अजून साधारण एक तृतीयांश लोक हो म्हणतात आणि निम्म्याच्या आसपास नाही.

आयर्लंडच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा युरोप. युरोपियन युनियनने एप्रिल 2017 लाच सांगून टाकलंय की एकीकरण झालं तर नॉर्थ आपोआप आत, रांग नाही. भाऊची पोरगी डेरीत जन्मलेली, तिच्याकडे दोन्ही पासपोर्ट आहेत. स्पेनमध्ये मालागाला उतरले तेव्हा तिला ईयूच्या छोट्या लायनीत जाता आलं असतं, पण सहा वर्षांची एकटी कशी जाणार म्हणून सगळे लांब लायनीत घामाघूम. आणि व्हिसाचा किस्सा तर ऐकाच. भाऊ वर्क व्हिसावर असताना मावशी-काका साताऱ्याहून आले, त्यांच्या टुरिस्ट व्हिसावर ब्रिटन-आयर्लंड दोन्ही चालणारी सोय होती, त्याच्या वर्क व्हिसावर नव्हती. आयर्लंडमधला बनक्रानाचा बीच अर्ध्या तासावर, म्हातारे जाऊ शकतात आणि ज्याची गाडी तो नाही! शेवटी शेजाऱ्याने नेऊन आणलं.

पण एक सांगते, गोरा नसलेल्या माणसासाठी यातली कुठलीच बाजू आपोआप सुरक्षित नाही. ऑगस्ट 2024 ला बेलफास्टमध्ये दुकानं जाळली, आम्ही दोन दिवस घरातून काम केलं. आणि 2025 च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, तिथला इंडिया डे पुढे ढकलावा लागला. एकीकरण झालं आणि लॉयलिस्ट (कट्टर ब्रिटनवाद्यांच्या) वस्त्या बिथरल्या तर पहिला दगड कुणाच्या खिडकीवर येईल हा विचार माझ्या मनात येतोच, आणि हा मुद्दा टीव्हीवरच्या चर्चेत कुणी काढत नाही.

प्रक्रियेत एक मेख आहे. बहुमत होईल असं वाटलं तर ब्रिटनच्या नॉर्दर्न आयर्लंड मंत्र्याने पोल घ्यायचाच, पण "वाटलं" म्हणजे काय हे कुठे लिहिलेलं नाही. मत कुणाला हेही तोच मंत्री ठरवणार, त्यामुळे मी, अजून भारतीय पासपोर्टवाली, यादीत असेन की नाही सांगता येत नाही. साउथमध्ये, म्हणजे आयर्लंड देशात, मात्र फक्त आयरिश नागरिक. दोन्हीकडे बहुमत लागतं, इथे 50 टक्के अधिक एक मत झालं की पुरे. आणि नाही आलं तर किमान सात वर्षांनी परत घेता येतो, हो आलं तर परतीचा पोलच नाही.

म्हणून भाऊला मी फोनवर सांगितलं, आज लागला तर मी नाहीवर फुली मारेन, कारण जीपीची फी किती, टॅक्स किती, माझी पेन्शन कोण देणार यातलं काहीही डब्लिन सरकारने कागदावर दिलेलं नाही, आणि कागद न बघता फुली मारून मी एकदा बघितलंय. तो कागद आला, त्यात फुकट जीपी असला, तर मी बदलेन. तो म्हणाला, "ताई, मी तुझ्या उलट आहे, माझी पोरगी साठ वर्षं जगणारे, मी माझ्या जीपीचं काय बघू?" मग मी फोन तिच्याकडे द्यायला सांगितला, तर ती ब्रिजेंडच्या पंपावर आइस्क्रीम घेत होती, युरोत.