बर्डीवरचं ‘मॅगसेफ’ सामान: छातीत पेसमेकर असेल तर काय घ्यावं, काय टाळावं

नागपुरात सीताबर्डीच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांत फिरलं तर कव्हर, पॉवर बँक, पाकीट, गाडीतला होल्डर असं सगळंच आता फोनला टक् करून चिकटतं. कंपनी कुठलीही असो, काउंटरवर त्याला ‘मॅगसेफ’च म्हणतात; हे मुळात ॲपलच्या चुंबकी जोडणीचं नाव. सोय चांगली आहे. पण घरात कुणाला पेसमेकर किंवा आयसीडी (हृदयाची लय जीवघेणी बिघडली की शॉक देणारं यंत्र) बसवलेला असेल, तर या सामानाची पारख किंमत आणि वॉटवर करू नये. ती वस्तू अंगावर नेमकी कुठे येऊन टेकणार, हे आधी पाहावं.

या यंत्रांमध्ये चुंबक ओळखणारा स्विच मुद्दाम ठेवलेला असतो. तपासणीत किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर वर चुंबक ठेवून त्याचा उपयोग करतात. साधारण १० गॉसपासून (गॉस म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं एकक) पुढे हा स्विच जागा होऊ शकतो. मग पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके न पाहता ठरलेल्या वेगाने चालतो. कंपनीनुसार हा वेग बहुधा मिनिटाला ८५ ते १०० असतो. आयसीडीचं प्रकरण जास्त गंभीर आहे. चुंबक जवळ असेपर्यंत तो जीवघेणी लय ओळखतच नाही, म्हणजे गरज पडली तरी शॉक देणार नाही. काही कंपन्यांचे आयसीडी अशा वेळी बीप देतात, काही गप्प राहतात, आणि रुग्णाला काहीच जाणवत नाही. चुंबक दूर गेला की सहसा दोन्ही यंत्रं पूर्ववत होतात.

आयफोन १२ हा २०२० मध्ये आला. २०२१ च्या सुरुवातीलाच अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तो छातीवर ठेवल्यावर आयसीडी थबकल्याचं दाखवून दिलं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, स्वतः चाचण्या करून एकूण धोका कमी असल्याचं सांगितलं, तरी १५ सेंमी अंतर राखायला सांगितलंच. ॲपलचाही सल्ला तोच आहे: १५ सेंमीपेक्षा जास्त अंतर, आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंमीपेक्षा जास्त.

आता सामानाकडे वळू. आमच्या मते सगळ्यात वाईट खरेदी म्हणजे चुंबकी टोकांचा नेकबँड, म्हणजे गळ्यात अडकवायचा इअरफोन. नागपुरात ॲक्टिव्हावरच्या निम्म्या गळ्यांत तो दिसतो, म्हणून इथे जरा थांबायला हवं. त्यातले चुंबक इवलेसे असतात आणि त्यांचा जोर साधारण ३ सेंमीच्या आतच. पण कानातून काढले की ते एकमेकांना चिकटून गळ्याखाली लोंबतात आणि मान वळली की डाव्या कॉलरबोनखाली सरकतात. पेसमेकर बहुधा तिथेच, कातडीच्या लगेच खाली असतो. कानात असताना त्रास नाही, लोंबकळताना आहे. गाणी ऐकायचीच असतील तर सुटे इअरबड घ्या. मात्र त्यांच्या डबीतही चुंबक असतो, म्हणून ती पँटच्या खिशात ठेवा.

चुंबकी पॉवर बँकही आम्ही सुचवणार नाही. फोनचा चुंबक, बँकेचा चुंबक आणि चार्जिंगचं बदलतं चुंबकी क्षेत्र असं तिहेरी ओझं एकाच ठिकाणी येतं, आणि आपल्याकडे फोन ठेवायची जागा म्हणजे शर्टाचा डावा खिसा! तेवढ्याच क्षमतेची वायरची पॉवर बँक घ्या, ऊर्जाही कमी वाया जाते.

चिकटवायची धातूची चकती आणि चुंबकी रिंग दिसायला सारखीच. साध्या लोखंडी चकतीत चुंबक नसतो, तो होल्डरमध्ये असतो. रिंगमध्ये मात्र खुद्द चुंबक असतो आणि ती लावली की साधा अँड्रॉइड फोनही आयफोनच्या पंगतीत बसतो. चकतीला स्टेपलरची पिन लावून पाहा. चिकटली तर नको.

गाडीच्या डॅशबोर्डवरचा चुंबकी होल्डर बिनधास्त घ्या, तो छातीपासून लांबच असतो. टेबलावरचा वायरलेस स्टँडही चालेल, फक्त उशाशी नको. शर्टावर चुंबकाने बसणारा नावाचा बिल्ला मात्र पेसमेकरवाल्याने लावूच नये. पिनेचा मागून घ्यावा.

दुकानातच मोजायचं असेल तर सोबतच्या माणसाने मोजावं, रुग्णाने नाही. चुंबकी कव्हर नसलेल्या साध्या अँड्रॉइड फोनवर मॅग्नेटोमीटरचं, म्हणजे चुंबकाचा जोर मोजणारं ॲप उघडा. जवळ चुंबक नसताना आकडा सुमारे ४० ते ४५ मायक्रोटेस्ला (हेही चुंबकाच्या जोराचंच एकक) दिसेल. आजूबाजूला लोखंड असेल तर थोडा वेगळा. वस्तू पट्टीवरून हळूहळू जवळ आणा. १००० मायक्रोटेस्ला म्हणजेच १० गॉस. तो आकडा किती सेंमीवर ओलांडला, हे पाहा. फोनमधला सेन्सर नेमका कुठे आहे ते बाहेरून दिसत नाही, म्हणून वस्तू सगळ्या बाजूंनी फिरवा. आकडा एकाएकी गोठला तर सेन्सरची मर्यादा संपली. वस्तू मागे घ्या. चार्जिंगचं बदलतं क्षेत्र या ॲपला नीट कळत नाही, त्यासाठी ३० सेंमीचा नियमच पाळावा.

काही यंत्रांत चुंबकाला द्यायचा प्रतिसाद डॉक्टरांना बदलता येतो. पुढच्या तपासणीला यंत्राचं कार्ड नेऊन आपल्या मॉडेलचं काय आहे, हे विचारून घ्या. चुंबकी वस्तू छातीजवळ असताना चक्कर किंवा धडधड जाणवली तर आधी ती वस्तू दूर करा. तरीही बरं वाटलं नाही, तर १०८ ला फोन लावा.